‘जा’ म्हणता येत नाही

मी कवळ्या बनवते. परदेशात मुलगी काय करते असं कुणी विचारलं की आमची आई ‘मेडिकल लाइनला आहे’ एवढंच सांगते आणि घाईघाईने विषय बदलते. पण यात लाजण्यासारखं काय आहे? दिवसभर मेण, प्लास्टर आणि स्पिरिटचा दिवा. समोर दातांच्या रंगांची पट्टी. कुणाचे दात पिवळट, कुणाचे राखाडी, कुणाला पुढच्या दोन दातांत मुद्दाम थोडी फट हवी असते. दुसऱ्याच्या तोंडात दात बरोबर बसवणं ही माझी हातोटी आहे. माझ्या स्वतःच्या तोंडात मात्र इथली भाषा सात वर्षांत नीट बसलेली नाही.

कवळी पक्की करण्याआधी दात मेणात लावतात आणि पेशंटच्या तोंडात घालून बघतात. त्या अवस्थेत धक्का लागला की दात हलतात. म्हणून कवळीची डबी दवाखान्यात न्यायला आमची मालकीण टॅक्सीला परवानगी देते. एरवी ती टाचणीसुद्धा दोनदा वापरायला लावते.

लॅबच्या खालीच टॅक्सी स्टँड आहे. तिथले सगळे ड्रायव्हर माझ्यासारखेच कुठून कुठून आलेले. एकाचा देश दुसऱ्याला नकाशात सापडायचा नाही. त्यांची नावं मला उच्चारता येत नाहीत, माझं त्यांना येत नाही, तेव्हा मी सरळ त्यांना नावं ठेवली. नावं ठेवण्यात आमच्या घरात कुणीच मागे नाही. दरवाजातून आडवा होऊन बाहेर पडणारा तो पैलवान. आणि उन्हातसुद्धा शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावणारे, आपल्या देशात शाळेत गणित शिकवलेले ते मास्तर. मला ते सगळे ‘ताई’ म्हणतात. तो शब्द मीच शिकवला. काहीजण ‘तायी’ म्हणतात, पण मी कुठे कुणाचं काही अचूक म्हणते?

मास्तरांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. दोन वर्षं होतील आता. एका दुपारी मी दवाखान्यापाशी उतरले, डबी सांभाळत दार लावलं आणि सवयीने म्हटलं, ‘येते हं.’ इथल्याच भाषेत म्हटलं, शब्दाला शब्द लावून. काम आटोपलं, दवाखान्याच्या मागच्या दारातून बस पकडली, घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर हे गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे.

“काल मी दोन तास थांबलो,” ते म्हणाले.

“कशाला?”

“तुम्ही म्हणालात, येते.”

चूक माझी असली की मला आधी राग येतो आणि मग लाज वाटते. त्या क्रमाने मी आधी चिडले. “अहो, येते म्हणजे जाते! भाडं दिलं, दार लावलं, मग कळत नाही का माणसाला? आमच्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. वाईट असतं ते. निघालेलं माणूस परत यावं म्हणून ‘येते’ म्हणायचं.” एवढं मोडक्यातोडक्या भाषेत सांगताना मला घाम फुटला.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आमच्यातही.”

“काय आमच्यातही?”

“आमच्यातही ‘जातो’ म्हणत नाहीत. ‘येतो’ म्हणतात. तुम्ही काल म्हणालात तेव्हा मला शंका आलीच होती. पण इथे असं कुणी बोलत नाही, म्हणून वाटलं खरंच येणार असाल.”

मी भर रस्त्यात टाळी वाजवली. वय वर्षं त्रेचाळीस, हातात कुणाच्या तरी खालच्या जबड्याची डबी, आणि मी टाळ्या वाजवतेय! पण मला झालेला आनंद कसा सांगू? कुठला कोण माणूस, ना जातीचा ना पातीचा, आणि याच्या आईने आणि माझ्या आईने उंबरठ्यावर उभं राहून एकाच शब्दावरून कान पिळलेले. त्या दिवसापासून ते माझे झाले. मी स्टँडवर चौकशीच लावली, तेव्हा पैलवानाच्या देशातही ‘जातो’ चालत नाही असं निघालं. तो तर म्हणाला, “आमच्यात नुसतं ‘आलोच’ म्हणतात आणि तीन वर्षांनी येतात.”

आता मूळ गोष्टीकडे येते.

मास्तरांकडे टॅक्सीचा कच्चा परवाना होता. बायको आणि दहा वर्षांची मुलगी पाच वर्षांपासून तिकडे. त्यांना इकडे आणायचं तर अर्जाला पक्क्या परवान्याचं पत्र जोडावं लागतं, आणि अर्जाची मुदत या महिनाअखेर संपत होती. लेखी परीक्षेत मास्तर पहिल्या फटक्यात पास झाले, शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. गाडी अडली ती तोंडी परीक्षेत. यात उमेदवाराने आपल्याच टॅक्सीतून आपणच आणलेल्या प्रवाशाला त्याच्या पत्त्यावर न्यायचं. परीक्षक पुढच्या सीटवर बसून सगळं ऐकतो. स्वागत कसं करतो, पत्ता समजून घेतो का, वाटेत नीट बोलतो का, आणि शेवटी निरोप कसा देतो. प्रत्येकाला एक रकाना, आणि प्रत्येक रकान्यात खूण व्हायलाच हवी.

इथे निघणाऱ्याला ‘सुखाने जा’ म्हणायची पद्धत आहे. दुकानदार म्हणतो, डॉक्टर म्हणतो, सगळेच म्हणतात. मास्तरांच्या तोंडून तेवढं निघत नसे.

पहिल्या खेपेला ते घाबरून उजवीकडेला डावीकडे म्हणाले, ते सोडून द्या. दुसऱ्या खेपेला प्रवासी म्हणून पैलवानाला नेलं. सगळे रकाने भरले. पैलवान उतरला, दार लावलं, आणि मास्तरांच्या तोंडून निरोपाचं निघालं, “बरं, या.” पैलवान हा आज्ञाधारक प्राणी. तो दार उघडून पुन्हा आत येऊन बसला. परीक्षकाने विचारलं, “उतरलेल्या प्रवाशाला तुम्ही परत का बोलावलंत?” मास्तरांना उत्तर देता येईना, पैलवानाला उतरता येईना. नापास. पैलवान त्यानंतर दोन आठवडे भेटेल त्याला सॉरी म्हणत होता.

तिसरी खेप शेवटची. नापास झाले तर कच्चा परवानाही जाणार आणि नवा अर्ज दोन वर्षांनी.

“या वेळी प्रवासी मी होणार,” मी जाहीर केलं. कुणी विचारलं नव्हतं. पण कुणी विचारायची वाट बघत बसले असते तर मी आयुष्यात काहीच केलं नसतं.

रोज दुपारच्या सुट्टीत स्टँडवर तालीम सुरू झाली. पैलवान प्रवासी, मी परीक्षक. स्वागत फक्कड, पत्ता फक्कड, गप्पा तर अशा की पैलवानाला उतरावंसं वाटेना. तो उतरायचा, आणि मास्तर म्हणायचे, “सु... सुखाने...” आणि थांबायचे.

“पुढे!” मी ओरडायचे. “शब्द आहे तो, विंचू नाही!”

“सुखाने...”

“मी जाऊ की नको?” पैलवान विचारायचा.

चौथ्या दिवशी माझा पारा चढला. “अहो मास्तर, एवढा मोठा माणूस, दोन अक्षरं निघत नाहीत? पोरीचं तोंड आठवा आणि म्हणून टाका!”

मास्तरांनी शांतपणे विचारलं, “ताई, तुम्ही म्हणून दाखवता?”

“त्यात काय!” मी पैलवानाकडे वळले. त्याच्या आईचं त्या आठवड्यात ऑपरेशन होतं, तो तिकिटाच्या खटपटीत होता. एवढा थोरला माणूस हातात रिकामी पिशवी घेऊन प्रवासी बनून माझ्यासमोर उभा होता. मी तोंड उघडलं, आणि शपथेवर सांगते, माझी जीभ टाळूला चिकटली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आमच्यात तर भांडायला आलेल्यालाही निघताना ‘या’ म्हणतात आणि दार लावल्यावर शिव्या घालतात. सात वर्षं मी इथे सगळ्यांना नुसती मान हलवून निरोप देत आले होते, हे मला तेव्हा कळलं.

मग मास्तर टॅक्सीच्या बॉनेटला टेकले आणि सांगू लागले. देश सोडला त्या दिवशी बस सुटत होती. वडील पायरीवर बसले होते. घाईत, हातात दोन बॅगा, मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, “बाबा, जातो.” बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. उतरून परत जाऊन ‘येतो’ म्हणावं, असं मनात आलं, पण बस लागली चालायला. अकराव्या दिवशी वडील गेले.

“मी गणित शिकवलंय,” ते म्हणाले. “शब्दाने माणूस मरत नाही, हे मला कळतं. पण तोंडाला कळत नाही.”

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. पैलवानही रडला, तो तर आधीच आईच्या काळजीत होता. तिघे मिळून स्टँडवर रडतोय हे बघून एक गिऱ्हाईक दुसऱ्या टॅक्सीत जाऊन बसलं. त्या दिवसानंतर मी त्यांना तो शब्द म्हणायला लावला नाही. दुसरं काय करायचं, तेही सुचत नव्हतं.

परीक्षेचा दिवस उजाडला. मालकिणीने अर्धी रजा दिली ती एका अटीवर: एका आजीबाईंची मेणातली वरची कवळी अकराच्या आत दवाखान्यात पोचलीच पाहिजे. म्हणजे मी खोटी प्रवासी नव्हतेच. मांडीवर खरी डबी, डबीत खरे खोटे दात.

परीक्षक बाई बारीक होत्या, केस आखूड, नाकावर चष्मा, हातात पेन. नमस्काराला उत्तर म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “प्रवाशाने नेहमी बोलतो तसं बोलावं,” त्या मला म्हणाल्या. “उमेदवाराला उत्तर सुचवायचं नाही. सुचवलं तर परीक्षा तिथेच बंद.”

“माझी काय टाप,” मी म्हटलं. मराठीतच.

मास्तरांनी स्वागत केलं. खूण. पत्ता विचारला, परत म्हणून दाखवला. खूण. माझं हृदय इतकं धडधडत होतं की वाटलं, दात त्यानेच हलतील. “डबीत नाजूक वस्तू आहे, हळू चालवा,” मी म्हटलं. “मला माहीत आहे,” मास्तर म्हणणार होते, दिसलंच मला आरशात. पण त्यांनी विचारलं, “काय आहे डबीत?” जसं काही दोन वर्षं ते माझे दात वाहून नेतच नव्हते! मी खूश झाले. तिसरी खूण.

आणि दोन चौक पुढे एक ट्रक आडवा लागलेला. कुणाचं तरी घरसामान उतरत होतं, सोफा रस्त्याच्या मधोमध. मागून गाड्या लागल्या, भोंगे सुरू झाले. दहा वाजून एकतीस मिनिटं. परीक्षक बाईंचं पेन थांबलेलं. मास्तर खाली उतरले, हमालांशी दोन शब्द बोलले, स्वतः एक टोक धरून सोफा बाजूला केला, आणि येऊन बसले. ट्रक चार हात सरकला. टॅक्सी दोन्ही बाजूंना तळहाताएवढं अंतर ठेवून निघाली, सुळकन. डबी हललीसुद्धा नाही. मला ‘शाब्बास!’ असं ओरडायचं होतं. मी ओठ चावून धरले.

दहा पंचेचाळीस. दवाखाना आला.

मी उतरले. दार लावलं. मास्तरही उतरून माझ्यासमोर उभे राहिले. परीक्षक बाईंनी काच खाली केली आणि शेवटच्या रकान्यावर पेन टेकवलं.

“सुखाने...” मास्तर म्हणाले.

त्यांचे कान लाल झाले. गळ्याजवळचं बटण वरखाली होत होतं. “सुखाने...” त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मुलगी होती, बायको होती, आणि पायरीवरचे वडील होते. ते म्हणू शकणार नाहीत, हे मला दिसलं. आणि खरं सांगते, त्यांनी म्हणावं असं मलाही वाटेना. मला कुणी तरी ‘जा’ म्हणणार, आणि तेही यांनी?

मग मला एकदम सुचलं. प्रवाशाने नेहमी बोलतो तसं बोलावं, असंच सांगितलं होतं ना बाईंनी?

“अहो,” मी मोठ्याने म्हटलं, “हे दात देऊन मी दहा मिनिटांत खाली उतरते. मला परत लॅबवर जायचंय. न्यायला याल का?”

एक क्षण मास्तरांना काही कळलंच नाही. मग कळलं. तोंडावर असं हसू पसरलं की वरचे खालचे सगळे दात मोजता आले, आणि दात मोजणं हाच माझा धंदा.

“येतो!” ते म्हणाले. रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघायला लागला इतक्या जोरात.

“निरोप?” परीक्षक बाईंनी विचारलं.

“निरोप कशाचा?” मी म्हटलं. “मी कुठे जातेय?”

“तुम्हाला कुणी विचारलं?”

मी डबी छातीशी धरली. घड्याळात दहा सत्तेचाळीस. मला वर पळणं भाग होतं. जिना चढताना मनात एकच प्रश्न. मी शहाणपणा केला की माती खाल्ली? सुचवायचं नाही म्हणाल्या होत्या, आणि मी तर घास भरवला होता. आजीबाईंच्या तोंडात कवळी बसली, त्यांनी आरशात बघितलं आणि म्हणाल्या, पुढचे दोन दात जरा लांब आहेत. एरवी मी अर्धा तास वाद घातला असता. “कमी करते!” म्हणाले, डबी उचलली आणि खाली धावले.

खाली टॅक्सी नव्हती.

मी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. नव्हती. तिथे गाडी थांबवायला बंदी आहे, हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी ठाऊक असलेलं काहीच आठवत नाही. मला वाटलं, संपलं. बाईंनी परीक्षा बंद केली, गाडी परवान्याच्या कार्यालयात परत नेली, आणि हे सगळं माझ्या आगाऊपणामुळे. आई लहानपणापासून सांगते, तुझ्या जिभेला हाड नाही. एका घराची भेट मी दोन वर्षं लांबवली होती.

आणि कोपऱ्यावरून टॅक्सी वळली. परीक्षक बाई आतच. गाडी माझ्यासमोर थांबली, मास्तरांनी उतरून दार उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना, गणिताच्या मास्तरांचे चेहरे तसेच असतात.

मी बसले. बाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

“दहा मिनिटं म्हणालात,” त्या मला म्हणाल्या, “तुम्ही बारा लावलीत. हे बरोबर दहाव्या मिनिटाला आले, तुम्ही दिसला नाहीत म्हणून आणखी एक फेरी मारली. येतो म्हणाले आणि आले.” मग त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘निरोपाची गरज पडली नाही.’ आणि पुढे खूण.

“म्हणजे...?” मी कागदावर वाकले.

“म्हणजे पास,” बाई म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं. “आणि तुम्ही पुढच्या वेळी कुणाच्या प्रवासी होऊन येऊ नका. एकदा पुरे.”

मी मागच्या सीटवर बसून ओरडले, “जिंकलो!” परीक्षक बाई दचकल्या. मास्तरांनी मान खाली घातली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि खांदे हलत होते. बाईंनी खिडकीबाहेर बघितलं आणि त्यांना हवा तेवढा वेळ दिला. मला ती बाई फार आवडली.

स्टँडवर पोचलो तेव्हा पैलवान मधोमध उभा होता. मी काचेतून अंगठा दाखवला. त्याने मास्तरांना टॅक्सीतून अक्षरशः उचलून बाहेर काढलं आणि गोल फिरवलं. “उतरवा त्यांना!” मी ओरडले. “परवाना मिळालाय, आता तरी नीट वागवा!” सगळ्यांनी मिळून असे भोंगे वाजवले की वरच्या खिडकीतून मालकीण डोकावली. मी तिला हात केला. तिनेही केला, बहुधा चुकून.

मग मास्तर जरा बाजूला गेले आणि त्यांनी फोन लावला. पडद्यावर बायको आणि मुलगी, एकाच फोनमध्ये मावण्यासाठी गालाला गाल लावून बसलेल्या. मास्तर बोलत होते, त्यांची भाषा मला एक अक्षर कळत नाही. बायको पदराने नाही, ओढणीनेही नाही, सरळ हाताच्या पंजाने डोळे पुसू लागली. मुलगी सारखी काही विचारत होती. शेवटी मास्तर एकच शब्द म्हणाले, पुन्हा म्हणाले, आणि फोन ठेवला.

“काय म्हणालात शेवटी?” मी विचारलं. मला चौकशा केल्याशिवाय चैन पडत नाही.

“ताई, पाच वर्षं फोन ठेवताना मी म्हणायचो, ‘येतो’. मुलगी अलीकडे चिडायची. म्हणायची, बाबा, रोज येतो म्हणता आणि येत नाही.”

“आणि आज?”

मास्तरांनी गळ्याजवळचं बटण काढलं. मी त्यांना पहिल्यांदाच तसं बघत होते.

“आज म्हणालो, ‘या’.”